नवी सैनिकी कुटुंबे, सहपालकत्व आणि शिशूंची स्थूलता : प्रस्तावना

अमेरिकेच्या काँग्रेसने १९४६ साली शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा संमत केला, तेव्हा त्याच्या उद्देशवाक्यात मुलांच्या आरोग्याबरोबरच राष्ट्रीय सुरक्षेचाही स्पष्ट उल्लेख होता. कारण दुसऱ्या महायुद्धाच्या सैन्यभरतीत कुपोषणाशी निगडित दोषांमुळे अनेक तरुण नाकारले गेले होते आणि तो अनुभव अजून ताजा होता. त्यानंतर चौसष्ट वर्षांनी, २०१० मध्ये, निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या ‘मिशन : रेडिनेस’ या संघटनेने ‘टू फॅट टू फाइट’ या नावाचा अहवाल प्रसिद्ध करून नेमकी उलट तक्रार मांडली, ती अशी की देशातील तरुण पिढी लढण्याच्या कामी येऊ नये इतकी लठ्ठ झाली आहे. संरक्षण खात्याच्या २०२० च्या पाहणीने या तक्रारीला आकड्यांचे बळ दिले : १७ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांपैकी ७७ टक्के विशेष सवलतीवाचून भरतीस अपात्र होते आणि ११ टक्के तर निव्वळ जादा वजन या एकाच कारणाने बाहेर राहत होते. स्थूलता आणि सैन्य यांचा संबंध सार्वजनिक चर्चेत येतो तो बहुधा याच वाटेने, म्हणजे भरतीच्या दारातून. त्याच सैन्याच्या वसाहतींत जन्मणाऱ्या बाळांचे काय होते, त्यांना कोण, कधी आणि कशासाठी भरवते, हा प्रश्न त्या मानाने उशिरा विचारला गेला. प्रस्तुत विषय या दुसऱ्या प्रश्नाशी संबंधित आहे. आणि मूल हे उद्याचा भरतीयोग्य उमेदवार म्हणून नव्हे, तर मूल म्हणून निरोगी वाढावे, एवढाच हेतू त्यासाठी पुरेसा मानला पाहिजे.

स्थूलता मोजण्याचे रूढ साधन म्हणजे बीएमआय, अर्थात किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक. प्रौढांत तो ३० वा त्याहून अधिक असेल तर स्थूलता मानतात. मुलांच्या बाबतीत मात्र असा एकच आकडा चालत नाही. त्यांची तुलना त्याच वयाच्या व लिंगाच्या मुलांशी करावी लागते आणि संदर्भगटातील शंभरापैकी पंचाण्णव मुलांच्या बरोबरीने किंवा त्यांच्या पुढे ज्याचा निर्देशांक जातो ते मूल स्थूल गणले जाते. दोन वर्षांच्या आतील बाळांसाठी उंचीऐवजी झोपवून घेतलेली लांबी आणि तिच्या मानाने वजन पाहतात. अमेरिकेत २०१७ ते २०२० या काळात २ ते १९ वर्षांच्या मुलांमध्ये स्थूलतेचे प्रमाण १९.७ टक्के होते, आणि २ ते ५ वर्षांच्या, म्हणजे अद्याप शाळेची पायरीही न चढलेल्या मुलांमध्ये ते १२.७ टक्के होते. हा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. शाळेतील भोजन, मैदानाचा अभाव, जाहिराती, मोबाइल यांच्यावर बोट ठेवण्याआधीच आठांपैकी एक मूल स्थूल झालेले असेल, तर कारणांचा शोध पाळण्यापर्यंत मागे न्यावा लागतो.

तो तसा नेला गेला आणि त्यातून निघालेला महत्त्वाचा निष्कर्ष असा की पहिल्या वर्षातील, विशेषतः पहिल्या काही महिन्यांतील, वजनाची अतिवेगवान वाढ ही पुढील वयातील स्थूलतेशी जोडलेली असते. बाळ गुटगुटीत असणे हे जिथे आरोग्याचे लक्षण समजले जाते, आणि महाराष्ट्रातील सुदृढ बालक स्पर्धा ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही समजूत काही परकी नाही, तिथे हा निष्कर्ष पचायला जड जातो. पण त्याचा अर्थ बाळाला कमी खाऊ घालावे असा नाही. अर्थ असा आहे की प्रत्येक रडणे ही भूक नसते. झोप, कंटाळा, ओले लंगोट, नुसता सहवास हवा असणे अशी रडण्याची अनेक कारणे असतात, आणि प्रत्येक वेळी उत्तर म्हणून बाटलीच पुढे झाली, तर पोट भरल्याची आतून येणारी जाणीव ओळखण्याची बाळाची जन्मजात क्षमता हळूहळू बोथट होते. मोठेपणी मन:स्थिती बिघडली की खाण्याकडे वळणाऱ्या माणसाची सवय किती जुनी असू शकते, याचा अंदाज यावरून यावा.

या जाणिवेवर आधारलेल्या संगोपनाला ‘प्रतिसादी पालकत्व’ म्हणतात : बाळाचा इशारा ओळखणे, त्याचा अर्थ लावणे आणि त्या अर्थाला साजेसे उत्तर तत्परतेने देणे. पेनसिल्व्हेनियात लीअन बर्च, इयन पॉल, जेनिफर सॅव्हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इनसाइट’ या नावाने जो प्रयोग केला, त्यात प्रथमच आई झालेल्या २७९ स्त्रियांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे निवड निव्वळ योगायोगावर सोपवून, दोन गट करण्यात आले. एका गटाच्या घरी परिचारिका जाऊन बाळाचे भरवणे, झोप, खेळ आणि रडे शमवणे यांविषयी मार्गदर्शन करीत; दुसऱ्या गटाला तेवढ्याच भेटींत घरातील सुरक्षिततेची माहिती दिली जाई. वर्षाच्या वयात पहिल्या गटातील ५.५ टक्के बाळे अतिवजनाची आढळली, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण १२.७ टक्के होते. तिसऱ्या वर्षी दोन्ही गटांच्या सरासरी निर्देशांकांतील फरक टिकून होता, पण तो मोठा नव्हता; हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे याच मातांच्या दुसऱ्या अपत्यांकडे पाहिले असता, त्यांच्यासाठी वेगळे मार्गदर्शन झालेले नसतानाही, त्यांच्या वजनात अनुकूल फरक दिसला. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी लागलेली वळणे घरात राहतात, हे त्यावरून म्हणता येते, आणि ‘नव्या’ कुटुंबांवर एवढा भर का, याचे उत्तरही त्यातच आहे.

तरीही या प्रयोगाची बैठक आई आणि मूल या जोडीवर होती. बाळाच्या आरोग्याचे बहुतेक शास्त्र असेच लिहिले गेले आहे. त्यात पिता असलाच तर मदतनीस म्हणून येतो. प्रत्यक्ष घरात मात्र परिचारिका निघून गेल्यावर संध्याकाळी सहा वाजता रडणाऱ्या बाळापाशी दोन माणसे उभी असतात, आणि त्या दोघांची समजूत एक असेलच असे नाही. इथे ‘सहपालकत्व’ ही संकल्पना उपयोगी पडते. सहपालकत्व म्हणजे पती-पत्नीचे प्रेम नव्हे आणि प्रत्येकाचे मुलाशी असलेले नातेही नव्हे. मुलाचे संगोपन या एका कामापुरते दोन प्रौढांनी परस्परांशी जे वर्तन ठेवायचे, त्याचे ते नाव आहे. त्यामुळे घटस्फोटितांचे सहपालकत्व उत्तम असू शकते आणि सुखी दिसणाऱ्या दांपत्याचे हलाखीचे. मार्क फाइनबर्ग यांनी २००३ साली मांडलेल्या आराखड्यात त्याचे चार घटक सांगितले आहेत : संगोपनाच्या मुद्द्यांवरील एकमत, कामाची वाटणी, एकमेकांना दिलेला आधार वा त्याउलट केलेले खच्चीकरण, आणि घरातील परस्परसंवादाचे, विशेषतः मुलादेखत होणाऱ्या भांडणांचे, संयुक्त व्यवस्थापन.

यांपैकी तिसरा घटक स्थूलतेच्या संदर्भात सर्वांत निर्णायक आहे, आणि तोच सर्वांत कमी दिसतो. वाटणी बिघडली तर ती बोलून दाखवता येते. खच्चीकरण बहुधा विनोदाच्या, काळजीच्या किंवा लाडाच्या वेषात होते. आईने ठरवले की रात्री दोनला बाळ किंचित कुरकुरले तर थोडे थांबून पाहायचे, आणि वडिलांनी ‘तुला ऐकवते तरी कसे’ म्हणत बाटली गरम केली. वडिलांनी बाळाला भाजीचा घास देताना घाण होऊ दिली, आणि आईने ‘तुम्हाला जमत नाही’ म्हणून चमचा काढून घेतला. दोन वर्षांच्या मुलाने नको म्हटल्यावर एकाने ताट उचलले आणि दुसऱ्याने मागच्या दाराने बिस्कीट दिले. यातील एकही कृती दुष्टपणाची नाही. परंतु नव्या पदार्थाची चव बाळाने स्वीकारावी म्हणून तो अनेकदा, न दटावता, पुढे ठेवावा लागतो, आणि एवढे सातत्य एकट्याच्या निर्धाराने साधत नाही. दुसऱ्याने ते मोडले की पहिल्याचाही धीर सुटतो. बर्च यांच्याच संशोधनाने दाखवून दिले होते की मुलांना एखादा पदार्थ डोळ्यांसमोर ठेवून मनाई केली की त्या पदार्थाकडे त्यांचे लक्ष उलट अधिक वेधले जाते. जिथे एक पालक मनाई करणारा आणि दुसरा मोकळीक देणारा असतो, तिथे मुलाला ही मनाई व तो मोह एकाच घरात, एकाच संध्याकाळी मिळतात. वडिलांना बाळाच्या कामापाशी येऊ द्यायचे की नाही, यावर आईने ठेवलेला पहाराही याच घटकात मोडतो. तो बहुधा अविश्वासातून कमी आणि बाळाची सगळी जबाबदारी अखेर आपल्यावरच येते या अनुभवातून अधिक निर्माण होतो.

आता सैनिकाच्या घराकडे पाहिले, तर असे दिसते की इतर घरांत मंदगतीने घडणारी ही सगळी प्रक्रिया तिथे तुकड्यातुकड्यांनी आणि सक्तीने घडते. अमेरिकी सैन्यात लग्ने तरुण वयात होतात. त्यामागे इतर कारणांबरोबर हेही आहे की कनिष्ठ श्रेणीतील अविवाहित सैनिकाला बराकीत राहावे लागते, तर विवाहिताला कुटुंबासह राहण्यासाठी घरभाडे भत्ता मिळतो. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. त्यामुळे पहिल्या बाळाच्या वेळी आजी, मावशी, जुनी शेजारीण यांपैकी कोणीही हाकेच्या अंतरावर नसते, आणि जे ज्ञान एरवी घरातल्या घरात हस्तांतरित होते ते फोनवरून किंवा अनोळखी माणसांकडून मिळवावे लागते. सैन्यातील मुलांत सर्वांत मोठा वयोगट पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहे, ही बाब या तरुणपणाशी सुसंगतच आहे.

त्यावर मोहिमेवरची रवानगी येते. लष्करात ती साधारणपणे नऊ महिन्यांची असते, नौदलात सहा ते नऊ. प्रौढाच्या आयुष्यात नऊ महिने हा एक कालखंड असतो. बाळाच्या बाबतीत मात्र त्या अवधीत आहाराची पद्धतच आमूलाग्र बदलते. दोन महिन्यांचे, केवळ दुधावरचे बाळ सोडून गेलेला पिता परततो तेव्हा ते अकरा महिन्यांचे, स्वतःच्या बोटांनी भात उचलणारे, ओळखीच्या चेहऱ्याला बिलगणारे मूल झालेले असते. त्याच्या डोक्यातील घराचा नकाशा जुना असतो. आणि मागे राहिलेल्या आईने, निरुपायाने का होईना, सगळे निर्णय एकटीने घेण्याची पद्धत बसवलेली असते. लष्करी कुटुंबांच्या अभ्यासकांनी रवानगीच्या भावनिक चक्राचे टप्पे वर्णिले आहेत, आणि त्यांत परतीनंतरचा टप्पा सुखाचा कमी व फेरजुळणीचा अधिक असतो, हे वारंवार नोंदले आहे. गमावलेला काळ भरून काढू पाहणाऱ्या पित्याला मुलाशी जवळीक साधण्याचा सर्वांत सोपा मार्ग गोड खाऊचा वाटला, तर त्याला दोष देणे अवघड आहे. पण आईने नऊ महिने सांभाळलेली घडी त्यामुळे विस्कटते, ती टोकते, तो दुखावतो आणि बाळाच्या कामातून अंग काढून घेतो. ज्या गरोदरपणात पती मोहिमेवर होता, त्यानंतर स्त्रियांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळल्याचे लष्करी रुग्णालयांतील अभ्यास सांगतात. नैराश्यग्रस्त आईला बाळाचे सूक्ष्म इशारे वाचणे जड जाते, आणि बाटली किंवा मोबाइलचा पडदा हाच दोघांनाही शांत करणारा उपाय उरतो.

सैनिकाचे स्वतःच्या शरीराशी असलेले नातेही दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकी लष्करात ठरावीक मुदतीने वजन व उंची घेतली जाते, वजन मर्यादेबाहेर गेले तर टेपने माप घेऊन चरबीचे प्रमाण काढले जाते, आणि त्याचा परिणाम बढतीवर, प्रसंगी नोकरीवर होतो. अशा व्यवस्थेत वजन ही आरोग्याची नव्हे, तर शिस्तीची आणि नोकरीची बाब बनते; मोजणीआधी उपाशी राहून वजन उतरवणे व नंतर भरून काढणे ही सवय जडते, घाईघाईने जेवणे अंगवळणी पडते. हीच वृत्ती घरात आली की ‘ताट स्वच्छ कर’ हा आदेश होतो. शिवाय २०२२ मधील संरक्षण खात्याच्या अहवालानुसार सैन्यातील सुमारे २४ टक्के जणांना अन्न-असुरक्षितता, म्हणजे पुरेशा व योग्य अन्नाची शाश्वती नसणे, अनुभवावी लागली होती. भूक आणि स्थूलता ही परस्परविरुद्ध वाटली, तरी जिथे महिन्याच्या अखेरीस स्वस्त, गोड, तळलेले पदार्थ घरात येतात आणि महिन्याच्या आरंभी भरपूर खाऊन घेण्याची प्रवृत्ती बळावते, तिथे दोन्ही एकाच घरात नांदतात. समजूतदार सहपालकत्वाने पगार वाढत नाही, ही मर्यादा कोणत्याही कार्यक्रमाने आधीच मान्य करावी.

या पार्श्वभूमीवर फाइनबर्ग यांच्या ‘फॅमिली फाउंडेशन्स’ या उपक्रमाचे महत्त्व कळते. प्रथमच पालक होणाऱ्या जोडप्यांसाठी जन्माआधी चार आणि जन्मानंतर चार अशा वर्गांची ही मालिका मुळात स्थूलतेसाठी नव्हतीच. १६९ जोडप्यांवर झालेल्या तिच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहपालकांचा परस्पर आधार वाढला, मातांचे नैराश्य व चिंता घटली आणि बाळे स्वतःला शांत करण्यात अधिक सक्षम दिसली. यातील शेवटचा निष्कर्ष हाच दोन वाटांचा सांधा आहे. ज्या बाळाला स्वतःला सावरता येते, ते दूध हे शामक म्हणून मागत नाही. आणि ज्या घरात दोघे पालक शांत असतात, तिथे बाळाला सावरायला अवसर मिळतो. म्हणून सहपालकत्वाच्या या चौकटीत प्रतिसादी भरवण्याचे, झोपेचे आणि पडद्याविषयीचे मार्गदर्शन घालावे, आणि ते एकट्या आईला नव्हे तर दोघांना मिळून द्यावे, ही कल्पना पुढे आली. बदल्या आणि रवानग्यांमुळे आठवड्याच्या वर्गाला हजर राहणे सैनिकी जोडप्यांना अशक्यप्राय असल्याने आंतरजालावरून देता येईल अशी लष्करी आवृत्तीही तयार झाली व तिची छोट्या प्रमाणावर चाचणी झाली. पडद्यापासून बाळाला दूर ठेवण्याचा सल्ला पडद्यावरूनच द्यावा लागतो, यातील विसंगती सोसण्याजोगी आहे.

अशा मार्गदर्शनात ‘बाळाला अमुक द्या’ याला गौण स्थान आहे. मुख्य काम असते ते दोघांनी प्रसूतीपूर्वीच काही प्रश्नांवर बोलून ठेवण्याचे : रात्री कोण उठणार, बाळ जेवले नाही तर काय करायचे, दुसऱ्याची पद्धत पटली नाही तर ते केव्हा व कसे सांगायचे. लष्करी घरात याला एका प्रश्नाची भर पडते. दूर असलेल्या पालकाला काय काय कळवायचे, आणि परतल्यावर पहिले काही आठवडे त्याने कोणाच्या पद्धतीने चालायचे, हे निघण्याआधी ठरवणे हा मोहिमेच्या तयारीचाच भाग मानला गेला, तर सैन्याच्या शिस्तीला तो परका वाटण्याचे कारण नाही. उलट, कामाची वाटणी, हस्तांतरणाची नोंद आणि परतीनंतरचा आढावा या गोष्टी सैनिक कामावर रोज करतो.

मात्र या उपायाची व्याप्ती अवास्तव फुगवू नये. एकल पालक, दोघेही सैन्यात असलेली जोडपी आणि जिथे हिंसा आहे ती घरे यांना हाच साचा लागू पडणार नाही. हिंसेच्या घरात तर ‘जुळवून घ्या’ हा सल्ला धोकादायकच आहे. स्थूलतेची कारणे आनुवंशिकतेपासून बाजारपेठेपर्यंत पसरलेली आहेत, आणि वसाहतीच्या आवारातच फास्टफूडची दुकाने थाटून सगळी जबाबदारी आईबापांवर टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. व्यवस्थेने काही पावले टाकली आहेत : जानेवारी २०२३ पासून अमेरिकी सैन्यात जन्मदात्या मातेइतकीच, म्हणजे बारा आठवड्यांची पालकत्व रजा दुसऱ्या पालकालाही मिळते, आणि लष्कराच्या २०२२ च्या निर्देशानुसार प्रसूत झालेल्या सैनिक स्त्रीला वर्षभर शारीरिक क्षमतेच्या चाचणीतून सूट आहे. नवपालकांकडे परिचारिका व समाजकार्यकर्त्यांना पाठवणारा लष्कराचा स्वतःचा उपक्रम तर आधीपासूनच आहे. पित्याला पुरेशी रजाच नसताना त्याला सहपालकत्व शिकवणे हा पुस्तकी उद्योग होता. बारा आठवड्यांच्या रजेने त्या शिकवण्याला जमीन दिली आहे.

मराठी वाचकाला या विषयाचे जे खरे अगत्य असू शकते, ते अमेरिकेच्या अनुकरणापेक्षा वेगळे आहे. साताऱ्याजवळील अपशिंगे या ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या गावापासून कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणारी घरे आहेत, आणि तिथे पहिले बाळंतपण माहेरी, जवान सीमेवर व बाळ आजीच्या मांडीवर, ही रीत आहे. म्हणजे इथला सहपालक अनेकदा पिता नसून आजी असते. पिता सुट्टीवर येतो तेव्हा त्याला एका नव्हे, दोन स्त्रियांनी बसवलेल्या घडीत शिरावे लागते. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आहे, तर अतिवजनाची मुले ३.४ टक्के आहेत. तेव्हा पहिली लढाई अजून कुपोषणाशी आहे, हे विसरून चालणार नाही. पण चौथ्या फेरीत अतिवजनाचे हे प्रमाण २.१ टक्के होते, आणि नियमित पगार, कॅन्टीनचा सवलतीचा माल व पॅकेटबंद खाऊ ज्या घरांत पोहोचला आहे, तिथे ते आणखी वाढण्याची शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. पुणे, खडकी, देवळाली, अहिल्यानगर येथील छावण्यांत बाळांची वजने घेणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना या विषयाच्या निमित्ताने एकच विनंती करावीशी वाटते : वजनाच्या नोंदीशेजारी बाळाला दिवसभरात कोण कोण भरवते, त्यांचे आपसांत काय ठरले आहे, आणि सुट्टीवर आलेला पिता त्यांत कुठे आहे, याचीही नोंद त्यांनी ठेवावी.